आठ नंबरचा लोड

"तुमच्या खोलीत मी टेस्टर घेऊन शिरणार न्हाई, ताई," गोरख वायरमन म्हणाला. "येईन तवा पाव्हणा म्हणून येईन. तुमचं आपलं तोंडी सांगा."

नारायणगावात शीलाकाकूंच्या घरामागं भाड्याच्या आठ खोल्या होत्या, आणि आठही एकाच वायरवर. संध्याकाळी सगळ्यांचा स्वयंपाक सुरू झाला की फ्यूज उडायचा. म्हणून आता तीन वेगळ्या लाइनी टाकायच्या होत्या, आणि त्याआधी कोणाकडं काय काय चालतं ते मोजायचं होतं. सात खोल्यांत गोरख स्वतः शिरला. इंडक्शन, कूलर, इस्त्री, सगळं फिरवून पाठीवरचे वॅट वाचले, वहीत टिपले. आठवी खोली झुंबरबाईची निघाली आणि गडी दारातच थबकला. झुंबरबाईची लेक समृद्धी त्याच्या शिनोलीच्या भाच्यासाठी पाहिली होती. मुलगी पसंत होती, पुढच्या आठवड्यात बोलणी व्हायची होती. पाहण्याचा कार्यक्रम घोडेगावला समृद्धीच्या मावशीच्या घरी झाल्यामुळं ही खोली सोयऱ्यांपैकी कोणी बघितलेली नव्हती.

झुंबरबाईनं पाठीमागं हात नेऊन दार ओढून घेतलं. आत एक पंखा होता, एक बल्ब आणि मोबाईलचा चार्जर. मार्केटात दिवसभर टोमॅटो निवडणाऱ्या बाईच्या खोलीत आणखी काय असणार? पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

"फ्रीज हाय," ती म्हणाली.

गोरखनं लिहिलं. लिहिताना त्याच्या भुवया जरा वर गेल्या, आणि त्या बघून बिचारीला चेव आला.

"मिक्सर हाय. वॉशिंग मशीन हाय. आन् गिझर."

शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या शीलाकाकूंनी चहाचा कप खाली ठेवला. त्या खोलीत काय आहे नि काय नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. एका शब्दात त्यांना हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण फुकटचा तमाशा कोण सोडतो?

गोरखनं बेरीज मांडली. सगळे एकदम सगळं लावत नाहीत, म्हणून निम्मा लोड धरायचा. गिझर मात्र पुरा. सात खोल्यांचे मिळून साडेचार किलोवॅट झाले. आठवीचे एकटीचे पावणेतीन.

"काकू, तुमाला मंजुरी पाचाची. हे सव्वासातावर गेलं. खांबापासनं केबल बदलावी लागंल, लोड वाढवायचा अर्ज करावा लागंल."

"आन् न्हाई केलं तर?"

"एक दिवस बोर्ड पेटंल. नुसता गिझर बंद ठिवला तरी पाचाच्या वर जातंय. आठ नंबर नसती तर निवांत भागलं असतं."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो गणिताचं बोलत होता.

शीलाकाकू झुंबरबाईकडं वळल्या. आवाज असा गोड, जणू जावेला आग्रहानं वाढताहेत. "झुंबरबाई, मी काय केबल बदलायची न्हाई. एक तर खोली सोडा, न्हायतर हे सामान न्हाई म्हणा. चुकून तोंडातनं गेलं असंल तर गोरखभाऊ खोडतील की. पाव्हण्याम्होरं लाजायचं काय त्यात?"

एव्हाना बाकीच्या खोल्यांतल्या बाया बाहेर येऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांना सगळं माहीत होतं. एकीनं पदर तोंडाला लावला.

दाराच्या फटीतून समृद्धीनं आईची साडी ओढली. "आई, न्हाई म्हण," ती कुजबुजली. "खोली जाईल."

खोली खरंच गेली असती. टोमॅटोचा हंगाम चालू होता, आणि या दिवसांत नारायणगावात भाड्यानं गोठासुद्धा मिळत नाही. शिवाय शिनोलीकरांनी फ्रीज बघून हात पुढं केला नव्हता, मुलगी आवडली म्हणून केला होता. पण हे झुंबरबाईला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिला पटलं नसतं. आपली लेक कोणाला नुसती आवडू शकते, यावर तिचा विश्वासच नव्हता. चीड येते ती याची.

"समदं हाय," ती म्हणाली. "खोली सोडते."

"परवा एक तारीख," शीलाकाकू म्हणाल्या. "परवाच सोडा."

बाया पांगल्या नाहीत. उलट एक-दोघी पुढं सरकल्या.

गोरखला फार वाईट वाटलं. आपल्या बेरजेपायी सोयऱ्यांची खोली गेली, हे त्याला सहन होईना. माणूस मुळात चांगला. त्यानं वही बंद केली, पेन खिशाला लावलं आणि आपल्या परीनं वाट काढली.

"ताई, मनाला लावून घेऊ नका. तुमी दोघी कुठंबी ऱ्हाल, पर एवढं सामान कुठं ठिवाल? माझ्या बहिणीकडं शिनोलीला लई जागा हाय. लग्नानंतर तसंबी पोरीसंगं तिकडंच यायचं असंल ना ते? परवा सकाळी मी टेंपो घेऊन येतो. हितनंच उचलू."

शीलाकाकूंनी घाईघाईनं कप तोंडाला लावला. दाराच्या फटीतून समृद्धीनं पुन्हा आईची साडी ओढली.

"फ्रीज केवढा हाय?" गोरखनं विचारलं. "दोन माणसं पुरतील का चार?"

"चार लागतील," झुंबरबाई म्हणाली. "लई जड हाय."