आत्याबाई रस्सा

डॉ. वत्सला टिळेकरांच्या निरोप समारंभाच्या जेवणात पातेल्यावर पाटी होती: ‘आत्याबाई रस्सा’. ती वाचूनच त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. तीन लाख वर्षांपूर्वीच्या त्या जबड्याला ‘आत्याबाई’ हे नाव त्यांनीच दिलं होतं. बत्तीस वर्षं तो एक जबडा त्यांनी अभ्यासला, आणि त्यातून काढलेल्या जनुकांवरून आता कारखान्यात मटण वाढवत होते.

“शी! माणूस खाताय तुम्ही!” त्या ओरडल्या.

“माणूस कसला, मॅडम?” संस्थेचे संचालक घोरपडे बोटं चाटत हसले. “परवान्यावर तुमच्याच निबंधातलं वाक्य छापलंय, ‘ही माणसाची जात नव्हे.’”

वाक्य त्यांचंच होतं. त्या जबड्यात एकही दात नव्हता आणि दातांच्या खोबणी हाडाने भरून आल्या होत्या. म्हणजे आत्याबाईला कुणीतरी वर्षानुवर्षं घास चावून भरवत होतं. एवढंच त्यांनी निबंधातून गाळलं होतं, उगाच भावुक वाटेल म्हणून.

घोरपड्यांनी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवून त्यांच्या तोंडाशी धरला.

“घ्या, मॅडम, आमच्या हातचा एक घास. इतकं मऊ आहे, चावावंही लागत नाही.”