सतरा बिस्किटं

डब्यात बिस्किटं सतरा. खजूर बावीस. साखरेच्या बरणीवर पेनाने मारलेली रेघ आणि आतली साखर एकाच पातळीत. मुलीने तिन्ही नोंदी वहीत केल्या आणि वरच्या ओळीशी ताडून पाहिल्या. काडीचाही फरक नव्हता. तरी बोटात सुई टोचून मोजलेली आईची सकाळची रक्तातली साखर होती तीनशे एकाहत्तर.

"मग खातेस तरी कुठून?" तिने विचारलं.

आई दोन स्वेटरांवर शाल गुंडाळून खिडकीशी बसली होती. "वारा खाते. इथे तोच काय तो भरपूर आहे. खिसे बघतेस? कालचे बघायचे राहिलेत."

"आई, चेष्टा नको. मागच्या आठवड्यात तू स्वतः कबूल केलंस."

"केलं बाई," आई म्हणाली आणि बाहेरच्या बर्फाने पांढऱ्या झालेल्या रस्त्याकडे बघत बसली.

दारावर थाप पडली. पंधरवड्यातून एकदा या गावांतून फेरी मारणारी नर्स आली होती. तिने पायऱ्यांवर बूट झटकले, दारातच काढले आणि नुसत्या मोज्यांवर आत आली.

"या सिस्टर," आई म्हणाली. "वेळेवर आलात. आमच्या घरात चोर आहे, पण मुद्देमाल सापडत नाहीये."

नर्सने वही घेतली आणि मागची पानं उलटली. "दीड महिन्यापूर्वी एकशे चाळीस, एकशे पन्नास होती. थंडी वाढली तशी चढत गेलीय. इंजेक्शन चुकतं का काकू?"

"एकदाही नाही. सकाळ-संध्याकाळ, घड्याळ बघून."

"ती चोरून खाते," मुलगी म्हणाली. "सांगून थकले मी. आता तर सगळं मोजून ठेवते."

"इन्सुलिनचं पेन दाखवा बरं," नर्स म्हणाली.

आई उठली. तिने कानटोपी घातली, हातमोजे चढवले आणि मागच्या बंद व्हरांड्याचं दार उघडलं. नर्स क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग तिच्या मागोमाग गेली.

"इन्सुलिन इथे ठेवता?"

"हो. फ्रीज उन्हाळ्यात घ्यायचा ठरलाय. तोवर हाच फ्रीज. टोचायच्या आधी तेवढं घटकाभर आत आणते." आईने फळीवरचा डबा काढला. "आणि उगाच नाही हो ठेवलेलं. ही डेअरीत दूध तपासते, तिचं सगळं काम मापात असतं. इकडे राहायला आलो त्या आठवड्यात थर्मामीटर लावून जागा नक्की केली. चार अंश. हो ना ग?"

मुलगी दारात उभी होती. ते माप तिने एकदाच घेतलं होतं. दुपारी बारा वाजता, झाडांवर पानं होती तेव्हा.

कोपऱ्यात फरशी पुसायचं फडकं बादलीच्या काठावर वाळत घातलेलं होतं. नर्सने ते एका टोकाला धरून उचललं. फडकं मधे वाकलं नाही. पुठ्ठ्यासारखं आडवं राहिलं. मग तिने एक पेन तळहातांमध्ये फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. औषध एकसारखं पांढरं दिसायला हवं होतं. आत बारीक गुठळ्या तरंगत होत्या, काचेलाही चिकटल्या होत्या.

"गोठून परत सुटलंय," ती म्हणाली. "बऱ्याचदा झालं असणार. एकदा गोठलं की याचा भरवसा धरता येत नाही. तुम्ही पाणीच टोचून घेत होतात म्हणा काकू."

दूध शून्याखाली साधारण अर्ध्या अंशावर गोठतं. त्याआधीच गोठलं तर त्यात पाणी आहे. हे मुलगी दिवसातून चाळीस वेळा तपासायची. कॅन दुसऱ्यांदा आला तर दुसऱ्यांदा माप घ्यायची. कालच्या आकड्यावर आजचं दूध तिने कधी पास केलं नव्हतं.

नर्सने डॉक्टरांना फोन लावून मात्रा विचारली आणि आपल्या पेटीतलं ताजं पेन काढून आईला इंजेक्शन दिलं. "हे घरात ठेवा, चुलीपासून आणि हीटरपासून लांब. दोन तासांनी साखर बघा आणि मला फोन करा. मी पुढच्याच वस्तीवर आहे." दारात बूट चढवताना ती मुलीला हळूच म्हणाली, "होतं असं. गरम भागातून आलेल्यांना थंडी औषधाला चांगलीच वाटते." आणि गेली.

मुलीने वही उघडली. मागच्या आठवड्यातल्या एका ओळीखाली तिनेच लाल रेघ मारली होती : 'आई, दोन बिस्किटं. कबूल.' त्याच दिवसाच्या मोजणीत बिस्किटं सतरा होती. आदल्या दिवशी सतरा. दुसऱ्या दिवशीही सतरा.

"तू कबूल का केलंस?" तिने विचारलं.

आई हातमोजे काढून एकात एक घालत होती.

"तू इतकं आकड्यांनिशी सांगायचीस. मला वाटलं, खरंच झोपेत उठून खात असेन. म्हातारपणी होतं म्हणतात काहीबाही." ती थांबली. "झोपताना स्वयंपाकघराला कडी घाल म्हणून सांगणारच होते तुला. पण लाज वाटली."

मुलीने तिच्या शेजारी खुर्ची ओढली. आईने शालीचं एक टोक तिच्या गुडघ्यांवर टाकलं.

दोन तास झाल्यावर आईने आपणहून बोट पुढे केलं.

दोनशे सोळा.