शशिकला तेल

"त्याल व्हय? वापरलंय की," सोजराबाई म्हणाली आणि तिनं ताकाचा तांब्या बन्यामीनपुढं सरकवला.

बन्यामीननं घाईघाईनं पेन्सिल काढली. कवठे येमाईतलं हे त्याचं पहिलंच घर. हातातल्या छापील फॉर्मवर पहिला प्रश्न होता : 'शशिकला केशतेल आपण कधी वापरले आहे काय?'

"वास कसा होता, मावशी?"

सोजराबाईनं त्याच्या धुळीनं माखलेल्या बुटांकडं पाहिलं. "केवड्याचा. लई ग्वाड." मग म्हणाली, "चालत आलात व्हय फाट्यावरनं? नोकरी पक्की का कच्ची?"

"कच्ची. असले पन्नास फॉर्म भरले की पक्की."

"व्हईल, व्हईल. ताक घ्या आधी."

बन्यामीनला बी.ए. होऊन तीनच महिने झाले होते. पुण्यातल्या एका जाहिरात कंपनीनं दोन उमेदवार घेतले होते, जागा मात्र एकच. बन्यामीनला शिरूर तालुका दिला होता, पाटसच्या जयसिंगला दौंड. तीन दिवसांत पन्नास घरं. "लोक बोलतील तेच लिहायचं. पदरचं एक अक्षर नको," असं कारखानीससाहेबांनी बजावलं होतं. जागा हुकली तर मामांनी दौंडच्या रेल्वे यार्डात वशिला लावून ठेवलाच होता. उन्हात उभं राहून मालडब्यांचे नंबर उतरवायचे. बन्यामीनच्या स्वप्नात ते डबे यायला लागले होते.

म्हणून तो शब्दन् शब्द उतरवून घेत होता.

पुढच्या वाड्यात आनंदरावआबा ओट्यावर बसले होते. आबांचं डोकं म्हणजे घासूनपुसून ठेवलेला तांब्या. विचारावं की नाही, अशा विचारात बन्यामीन घुटमळला. पण नियम म्हणजे नियम.

"शशिकला? वर्षभर लावलं की," आबांनी टकलावरनं हात फिरवला. "बघा आता तुम्हीच."

बन्यामीननं लिहिलं : 'वर्षभर नियमित वापर. परिणाम दिसून येतो.' मग पदरचं झालं असं वाटून दुसरं वाक्य खोडलं.

तेल चांगलंच खपत होतं म्हणायचं. इनामगावच्या मुक्ताबाई म्हणाल्या, रंग हिरवागार. त्यांची शेजारीण दगडाबाई म्हणाली, लालभडक, "पर आता पयल्यावानी राह्यलं न्हाई. पाणी घालत्यात मेले." एकानं तर बैलांच्या शिंगांना चोपडलं होतं. पोळ्याला शिंगं अशी चमकली म्हणे, की पाटलांचे बैल बुजले.

बन्यामीनला आता त्या तेलाचंच कुतूहल वाटायला लागलं. हिरवं काय, लाल काय, केवडा काय! बाटली एकदा डोळ्यांनी बघावी तरी. शिरूरच्या बाजारात त्यानं हौशीराम दुकानदाराला गाठलं.

"कालच संपलं," हौशीराम चटकन म्हणाला. "मंगळवारी या."

"बाटली कशी असते हो?"

"बाटलीवानी."

तिसऱ्या दिवशी एकोणपन्नास घरं झाली. पाय सुजले होते. बन्यामीन शिरूरला मिशनच्या चाळीतल्या आपल्या घरी आला आणि त्यानं पन्नासावा फॉर्म सरळ आईपुढं धरला.

आई, दबोराबाई, गावोगाव शुभवर्तमान सांगत फिरायची. तिनं उभ्या जन्मात खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"आई, तू वापरलंयस शशिकला तेल?"

दबोराबाईचा पीठ चाळणारा हात थांबला. "किती राह्यलं तुझं?"

"एवढं एकच. शेवटचं."

हात पुन्हा चालू झाला. "वापरलंय की. मडमेनं दिलं होतं मागं. केस मऊ होतात."

त्या दिवशी जेवणाआधीची प्रार्थना जरा लांबली. बन्यामीनला भूक लागली होती, म्हणून ती आणखीच लांब वाटली.

दुसऱ्या दिवशी पुण्यात कंपनीच्या बाकावर जयसिंग आधीच येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट, बूट चकाचक.

"पन्नास घरं हिंडलास?" बन्यामीननं विचारलं.

"येडा का खुळा तू? दौंड टेसनात बसलो, आमलेट मागवलं आन् पन्नास ठिकाणी 'वापरलं नाही' लिवलं. आरं, 'हो' लिवलं की म्होरं सात प्रश्न. 'नाही' लिवलं की कागुद संपला!"

बन्यामीनला त्याची दयाच आली. आपले फॉर्म कसे दोन्ही बाजूंनी भरलेले! यार्डातले डबे आज पहिल्यांदाच लांब गेल्यासारखे वाटले.

साहेबांनी दोघांना एकदमच आत बोलावलं. जयसिंगचा गठ्ठा त्यांनी भराभर चाळला. बन्यामीनचा मात्र बराच वेळ वाचला. मधेच चष्मा काढून पुसला. शिंगांपाशी आल्यावर त्यांना ठसका लागला.

"सगळी घरं तुम्ही स्वतः हिंडलात?"

"हो सर. पन्नासावी तर माझी आईच आहे."

"आईसुद्धा!" साहेबांनी फॉर्म खाली ठेवले. "शशिकला हे माझ्या धाकट्या मुलीचं नाव. असलं तेल आजवर कुणी काढलेलंच नाही. पोरं झाडाखाली बसून फॉर्म भरतात, त्यांना धरायला मीच हे नाव घातलं होतं."

बन्यामीननं तोंड उघडलं. "पण सर, केवड्याचा वास..."

साहेबांनी उठून जयसिंगचा हात हातात घेतला. "घरोघरी पाठवायला असाच सचोटीचा माणूस हवा. जागा तुमची."

मग ते बन्यामीनकडं वळले. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आणि तुम्ही! वीस वर्षांत इतका पट्टीचा थापाड्या मी पाहिला नाही. सोमवारपासून वरच्या मजल्यावर बसायचं. जाहिराती लिहायला. पगार याच्या दुप्पट."