विटकरी

हॉलला इटालियन घरांसारखे उबदार रंग हवेत, म्हणून नवऱ्याने महिनाभर माझं डोकं खाल्लं. मी नुसतं “मोहरी कसा वाटतो?” विचारलं, तर रंगाऱ्यासमोरच फाडकन म्हणाला, “हिचं ऐकू नका. हिला रंगातलं ओ की ठो कळत नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

भिंतीवर नमुन्याचे पट्टे मारले होते. त्यातल्या शेवाळी हिरव्यावर बोट टेकवून तो ऐटीत म्हणाला, “याला म्हणतात विटकरी! चारही भिंतींना हाच.”

रंगारी गोंधळला. “वहिनी, नक्की?”

“साहेब म्हणतात तोच लावा.”



लाल आणि हिरवा त्याला सारखेच दिसतात, म्हणून लग्नापासून त्याच्या मोज्यांच्या जोड्या मीच लावत आलेय. उद्यापासून तेही त्याचं त्यानेच बघावं.