धूळमुक्त पाळणा

दिगंबर मेस्त्रींनी नातीचा पाळणा रविवारी पूर्ण केला. सोमवारी सकाळी तो कधी झालाच नव्हता. पडवीत सागाच्या अखंड फळ्या उभ्या होत्या.

बायकोला, कुमुदिनीबाईंना, दमा, म्हणून मुलाने पडवीत धूळयंत्र बसवलं होतं. ते हवेतला बारीक भुसा टिपून रातोरात जिथला तिथे लाकडात परत भरायचं. हवा उत्तम होती. बारसं परवावर आलं होतं.

"एक रात्र यंत्र बंद ठेवू?" मेस्त्रींनी बायकोला विचारलं.

"ठेवा की. मग पाळण्याची दोरी ओढायला दुसरी आजी बघा."

"विकतचा आणू?"

"मेस्त्रींच्या घरात?"

मेस्त्रींनी पुन्हा करवत उचलली. मग ती ठेवून त्यांनी नगरपालिकेच्या जन्मनोंदणी विभागाला लिहिलं: "पाळणा टिकेपर्यंत नातीचा बारावा दिवस स्थगित ठेवावा, ही नम्र विनंती."