मागणं

आई हल्ली दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात ठेवायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, "आधी रक्त तपासू. बी-ट्वेल्व्ह किंवा थायरॉइड कमी असेल, तर गोळ्यांनी आणि खाण्यापिण्याने बराच फरक पडतो."

तेव्हापासून बाबांचं आणि माझं एकच मागणं होतं, काहीतरी कमी निघू दे.

आज रिपोर्ट आला. बाबांनी तो दोनदा वाचला आणि ते मटकन खुर्चीत बसले. आईने त्यांच्या हातातून कागद घेतला. तीस वर्षं लॅबमध्ये काढलेली ती, सवयीने आकड्यांवरून बोट फिरवत गेली.

"सगळं नॉर्मल आहे हो, घाबरू नका," बाबांच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली.

 

मग रिपोर्ट त्यांच्या हातात परत देत तिने विचारलं, "पेशंट तुमचे कोण लागतात?"