वाकड्या पायाची घोडी

बग्गी दारात थांबली तेव्हा ती भट्टीतून नाल काढत होती. बग्गीतून सासरा उतरला. मोडलेल्या लग्नातला सासरा. पायात नवे कोरे चकचकीत बूट, जणू नालबंदाकडे नाही, सत्काराला आला होता.

"बाबा आहेत का तुझे?"

"आहेत. पण त्यांची पाठ गेली. नाल आता मी ठोकते, मालक."

एके काळी ती त्याला मामंजी म्हणायची. बाकीचे सगळे नालबंद करून झाले होते, म्हणून तो या दारात आला होता. अडला हरी, दुसरं काय!

तिने घोडी बग्गीपासून सोडवून चालवून पाहिली. पुढचा डावा पाय जन्मापासूनच आत वळलेला. तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पण पाय सरळ दिसावा म्हणून आधीच्या नालबंदाने खूर एका बाजूने जास्त तासला होता, आणि आता दर पावलाला वरचा सांधा पिळला जात होता. तो पाय टेकला की घोडीची मान किंचित वर उडायची.

"थोडी लंगडते, एवढं काही नाही. सवय होईल," सासरा म्हणाला. "तू फक्त पाय अजून सरळ कर. लोक बघून हसतात."

सवय होईल. नवऱ्याने पहिल्यांदा मारलं तेव्हा सुजलेला गाल घेऊन ती याच माणसापुढे उभी राहिली होती. तेव्हाही त्याने एवढंच म्हटलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने कानस उचलली. म्हणतोय तसंच करायचं. त्याच बाजूने अजून थोडं तासलं की पाय सुतासारखा सरळ दिसेल, म्हातारा खूश होऊन जाईल, आणि पंधरवड्यात घोडी भर रस्त्यात बसेल. मग हसू दे लोकांना पोटभर. मालकाने सांगितलं ते केलं, यात नालबंदाचा काय दोष? नुसत्या विचारानेच तिला गोड वाटलं. खूर गुडघ्यांत धरून तिने कानस टेकवली.

बाबा आतून येऊन घोडीचा दोर सैल धरून उभे होते. कानस कुठे टेकली ते त्यांना दिसलं.

"हिने तुझं काय वाकडं केलंय?" ते हळूच म्हणाले.

घोडी तिच्या पाठीला नाक घासत होती. त्या घरात ती रडली होती ती हिच्याच गळ्यात पडून.

तिने कानस उचलून दुसऱ्या बाजूला लावली. खूर पायाच्या ठेवणीप्रमाणे समतल केला, पुढून आखूड केला, नालेचं टोक गोल ठेवून खिळे ठोकले. घोडीला पुन्हा चालवलं. मान उडायची बरीच कमी झाली होती.

"अगं, पाय तर वाकडाच आहे!" सासरा ओरडला.

"वाकडाच राहणार. तो सांभाळायचा असतो. महिनाभर बग्गी बंद. हिला रोज दोर हातात धरून सावकाश चालवायची, तीही तुम्ही स्वतः. गड्याच्या हाती दिलीत तर पाय गेला म्हणून समजा. आजपासूनच सुरू करा. बग्गी मागाहून न्या."

"मी? भर बाजारातून? पायी?"

"नसेल जमत तर दुसरा नालबंद बघा."

दुसरा उरलाच नव्हता. सासऱ्याने मुकाट्याने दोर हातात घेतला.

"मालकानेच चालवायची, हा कुठला नियम?" तो जरा लांब गेल्यावर बाबांनी विचारलं.

"माझा."

दोघं दारात उभे राहिले. दुकानादुकानांतून माना बाहेर आल्या होत्या. घोडी शांत चालत होती. सासरा मात्र कोपऱ्यापर्यंत पोचेतो चांगलाच लंगडायला लागला.

"नवे बूट चावतायत वाटतं," बाबा म्हणाले.

तिने कानस झटकून खुंटीला अडकवली.

"सवय होईल."